आईला आणायला गेले तो आठवडा

आई लग्नाला म्हणून गेली आणि परत आलीच नाही.

कल्याणहून एसटीने तास-दीड तासावर तिचं माहेरचं गाव आहे. म्हणायला तालुक्याचं ठिकाण, पण जीव लहानसाच. एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, एका टोकाला एसटी स्टँड, दुसऱ्या टोकाला भातगिरण्या, आणि गिरण्या संपल्या की लगेच शेतं. तिथे तिच्या चुलतभावाच्या नातीचं लग्न होतं. दोन दिवसांत येते म्हणालेली. मग फोनवर म्हणाली, पाहुणे गेले की निघते. मग म्हणाली, सोमवारपर्यंत येते गं. आणि सोमवारी तिने मला सांगितलं की तिने तिथे एक खोली भाड्याने घेतली आहे.

"खोली? कशाला?"

"राहायला."

"आणि आपलं घर?"

"ते आहेच की. ते कुठे जातंय?"

आमचं घर ठाकुर्लीला, अकराव्या मजल्यावर. बाबा गेल्यावर कोपरच्या चाळीतली खोली सोडून आई आमच्याकडे राहायला आलेली. तिला स्वतंत्र बेडरूम होती, टीव्ही होता, खाली बाग होती. पण बागेतल्या बाकावर ती दहा मिनिटंही बसायची नाही. वर यायची, हॉलच्या खिडकीत उभी राहायची, मग किचनच्या खिडकीत, मग परत हॉलच्या. माझा मुलगा म्हणायचा, आजी राउंडला निघाली. आम्ही हसायचो, तीही हसायची, आणि हसत हसतच पुढच्या खिडकीकडे जायची.

माझाही स्वभाव काही शांत नाही. मी ठाण्यात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे. माल घेऊन निघालेली गाडी कुठे पोचली हे ड्रायव्हरला विचारायचं आणि पार्टीला कळवायचं, हे माझं काम. इतकी वर्षं तेच करून माझी अशी सवय झालीय की घरातलं माणूस वाण्याकडे गेलं तरी मी फोन करून विचारते, कुठे पोचलास? आणि इथे माझी सत्तरी ओलांडलेली आई एका गावात खोली घेऊन बसलेली आणि का बसलीय ते सांगत नव्हती.

नवरा म्हणाला, "राहू दे ना चार दिवस. कंटाळली की येईल."

"ती कंटाळणारी बाई नाहीय. मी जाऊन घेऊन येते."

साहेबांकडे आठवड्याची रजा मागितली. इतकी वर्षं न मागितल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

पुढच्या सोमवारी मी तिथे उतरले तेव्हा दुपार होती. डिसेंबरचे दिवस, भात झोडून झालेलं, गिरण्या जोरात चाललेल्या. आईने सांगितलेला पत्ता एका भातगिरणीच्या मागचा होता. गिरणीची धडधड जमिनीतून तळपायांना लागत होती आणि सगळ्या गल्लीवर तुसाचा बारीक पिवळा थर होता. तुळशीवर, मोटारसायकलींच्या सीटांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. खोलीला कुलूप. बाहेर आईच्या चपला नव्हत्या.

गिरणीवाला बाहेर आला. माझ्याहून लहान असेल, भुवयासुद्धा कोंड्याने पांढऱ्या झालेल्या.

"आजींकडे आलात ना? त्या ड्यूटीवर गेल्यात."

"कसली ड्यूटी?"

"वरच्या आळीत. सकाळी जातात, संध्याकाळी येतात." त्याने हाताने रस्ता दाखवला. "हिरव्या गेटचं घर. कुणालाही विचारा."

माझ्या डोक्यात काय काय आलं. आई कुणाच्या घरी धुणंभांडी करतेय की काय? मी बॅग घेऊन तशीच तरातरा निघाले.

हिरव्या गेटच्या आत ओटा होता आणि दार उघडं होतं. आतून आईचा आवाज येत होता. ती कुणालातरी ठाकुर्लीच्या लिफ्टबद्दल सांगत होती. "अगं, बटण दाबलं की आत एक बाई बोलते. इंग्रजीत. दिसत नाही कुठे, पण बोलते. मी तिला पहिल्या दिवशी नमस्कार केलेला." मग थोडी थांबली, जसं समोरचं माणूस काही म्हणतंय. आणि म्हणाली, "हो ना. तेच तर."

आत खाटेवर उशांना टेकून एक म्हातारी बसली होती. एका बाजूने तोंड किंचित ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. ती काही बोलली नव्हती. तिचे डोळे माझ्याकडे वळले तेव्हा आईने मागे बघितलं.

"आलीस? बस. पाणी घे. ही माझी मैत्रीण. तू हिला मावशी म्हण."

या मैत्रिणीबद्दल मी लहानपणापासून तुटक तुटक ऐकलेलं होतं. दोघी एका वर्गात होत्या एवढंच. मावशीला वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. चालणं गेलं, बोलणं गेलं. मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये, रविवारीच घरी यायचा. सून जवळच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची. दिवसभर मावशी एकटी, शेजारीण मधूनमधून डोकवायची. लग्न उरकल्यावर आई सहज भेटायला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशीही. मग तिने खोली घेतली.

त्या संध्याकाळी खोलीवर आमचं भांडण झालं.

"आई, त्यांना मुलगा आहे, सून आहे. बाई ठेवता येते. तू का?"

"मी काही बाई म्हणून जात नाही. गप्पा मारायला जाते."

"त्या बोलतात कुठे?"

"मी बोलते ना. तिला कळतं सगळं."

"मग फोनवर मला खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस," आई म्हणाली. "आता आठ दिवस उशिरा आलीस, तेवढे तर मिळाले."

रविवारी दोघी निघायचं, असं मी जाहीर केलं. आईने स्टोव्हवरची भाकरी उलटली.

पुढचे दोन दिवस मला स्वतःचं काय करावं ते कळेना. आई सकाळी केस विंचरून, घडीची साडी नेसून निघून जायची. मी मागे खोलीत. खोली झाडली की थोड्या वेळात पुन्हा तूस. मग मी रस्त्याला लागायची. स्टँडपर्यंत जायचं, फलाटावर कल्याणची गाडी लागली का बघायचं, ती भरताना बघायची, आणि परत गिरण्यांपर्यंत. रस्ता संपायला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नव्हती. तिसऱ्या फेरीला दुकानदार बघायला लागले. चहाच्या टपरीवरच्या बाईने विचारलंच.

"कोनाच्या तुमी?"

मी आईचं माहेर सांगितलं.

"हां, त्या वरच्या आलीत येतात त्या? मंग असं का फिरताव? काय हरवलंय का?"

"नाही, सहज."

"सहज कोन फिरतं उन्हाचं!" ती म्हणाली आणि न मागता दुसरा कप भरला.

माझ्या फोनला रेंज स्टँडजवळच नीट यायची. तिथे उभी राहून मी ऑफिसला फोन लावला. माझ्या जागी बसलेल्या मुलीने सांगितलं, मॅडम, सगळ्या गाड्या वेळेत आहेत, तुम्ही आराम करा. त्याने तर मला आणखीच कसंतरी झालं. बुधवारी दुपारी वीज गेली आणि सगळ्या गिरण्या एकदम थांबल्या. त्या धडधडीने माझं डोकं उठलेलं, पण ती थांबल्यावर जी शांतता पडली तिच्यात मला बसवेना. पाय आपोआप वरच्या आळीकडे वळले.

मावशीच्या घरी दोघींच्या मध्ये परात होती. परातीत मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यात. आई एकेक दाणा उचलून अंगठ्याने दाबायची, साल सुटून आतली डाळिंबी टपकन बाहेर यायची. मावशीच्या उजव्या हातात तिने एक वाल दिलेला. ती बोटं तो दाणा नुसती धरून ठेवत होती. कपाळावर घाम आलेला. मी बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, पण अखेर साल फाटली. डाळिंबी निसटून खाटेखाली गेली. आई वाकून शोधायला लागली तशी मावशी घशातून हसली.

"डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितलाय," आई म्हणाली. "चेंडू आणून दिलेला सुनेने. पण चेंडू दाबून काय मिळतं? ह्याची निदान उसळ होते."

मीही सोलायला बसले. माझा वेग जास्त, म्हणून माझ्या निम्म्या डाळिंब्या मोडत होत्या. मावशीचा डोळा लागला तेव्हा मी हळू आवाजात आईला विचारलं, "तुमची इतकी मैत्री होती? तू तर कधी या घराबद्दल काही बोलली नाहीस."

"या घरात मी कधी आलेच नव्हते. बोलणार काय?"

आम्ही बौद्ध. आईची वस्ती ओढ्यापलीकडे. हे मला माहीत होतं, पण आईने त्या दिवशी सांगितलं तसं कधी सांगितलेलं नव्हतं. शाळेतून दोघी एकत्र यायच्या. मावशीच्या घरापाशी आल्या की मावशीने आत जायचं आणि आईने ओट्याच्या पायरीवर थांबायचं, अशी रीत. पाणी हवं असलं तर वरून ओंजळीत. "पण ही कधी आत गेलीच नाही," आई म्हणाली. "दप्तर आत टाकायची आणि माझ्याजवळ पायरीवर येऊन बसायची. जेवणसुद्धा बाहेर घेऊन यायची. तिची आई दारातून ओरडायची, मार द्यायची. तरी दुसऱ्या दिवशी पायरीवर."

"आणि तुला राग नाही आला?"

"कुणाचा? हिचा?"

"घराचा. सगळ्यांचा."

आईने आणखी एक वाल सोलला. "आला ना. अजून येतो. म्हणून तर पहिल्या दिवशी आले तेव्हा मी आधी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. सून म्हणाली, तुम्ही बसा, मी करते. म्हटलं, नको, मला करू दे." मग तिने झोपलेल्या मैत्रिणीकडे बघितलं. "ही खाटेवरून बघत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तिच्या. म्हटलं, रडू नको, साखर कुठे आहे ते डोळ्यांनी दाखव."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. त्या पायरीचा संताप आला. त्या पायरीवर येऊन बसलेल्या मुलीबद्दल काहीतरी वेगळंच वाटलं. दोन्ही एकदम घेऊन मला तिथे बसता येईना, म्हणून मी उठून अंगणात गेले, आणि तिथून परत आत. अंगणातून दिसतं ते सगळं मावशीने वर्षभर पाहिलेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या खाटेवरून फक्त ओट्याचा कठडा आणि आंब्याची एक फांदी दिसायची.

"यांना बाहेर का नेत नाही?"

"कशी नेणार? उचलून?"

हे माझं काम होतं. एका जागेवरचं माणूस दुसऱ्या जागी न्यायचं. त्याला गाडी लागते. मी स्टँडवर जाऊन फोनाफोनी सुरू केली. सरकारी दवाखान्यात व्हीलचेअर होती पण बाहेर देत नव्हते. ठाण्याहून मागवायची तर शनिवार उजाडला असता. संध्याकाळी चिडचिड करत परत आले तेव्हा गिरणीवाला पोती मोजत होता. त्याला सहज सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या अण्णांची आहे की माळ्यावर. ते गेल्यापासून पडून आहे."

खुर्ची निघाली, पण तिच्या चाकांत, सांध्यांत तूस इतकं घट्ट बसलेलं की चाकं फिरेनात. गुरुवार अख्खा त्यात गेला. मी झाडणीच्या काडीने तूस उकरून काढलं, तेल सोडलं, सायकलच्या दुकानात नेऊन एका चाकाचं सुटलेलं रबर बसवून घेतलं. रस्त्यातून ती रिकामी खुर्ची ढकलत आणताना टपरीवरची बाई ओरडली, "गावलं का काय हरवलेलं?"

शुक्रवारी बाजार. एमआयडीसीलाही तेव्हाच सुट्टी असते म्हणून सून घरी होती. तिने सासूला नवी साडी नेसवली, वेणी घातली. "आत्या, बाजारात चाललाव," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मध्येच मला विचारत होती, "ताई, पडनार तर नाय ना?" तिघींनी मिळून मावशीला खुर्चीत बसवलं. ओट्याच्या पायऱ्यांवरून उतरवताना मावशीने डाव्या हाताने आईचा पदर मुठीत धरलेला. आळीतल्या बायका दारात आल्या.

ढकलायला मी होते. सुरुवातीला जपून चालले. मग बाजार लागला. दोन्ही बाजूंना भाजीचे ढीग, पाड्यांवरून आलेल्या बायकांची रताळी आणि कंद, सुक्या मासळीची ओळ, कापडाचे तंबू, स्टीलची भांडी, आणि मधून वाट जेमतेम. लोक थांबून मावशीला हात लावत होते, विचारत होते. माझ्या अंगात तेच आलं जे नेहमी येतं: मध्ये थांबायचं नाही, पुढे काढायचं. "बाजूला, बाजूला, जरा जाऊ द्या," म्हणत मी वेग घेतला. आई मागून काहीतरी सांगत होती. सुक्या मासळीपाशी रस्त्यात गटारावरची जाळी होती. पुढचं लहान चाक तिच्यात गेलं. खुर्ची खाडकन थांबली, मावशी पुढे गेली, सुनेने तिला दोन्ही हातांनी धरलं.

आणि खणखणीत आवाज आला.

"हळू गं, सटवे!"

क्षणभर मला कळेना कोण बोललं. सुकट विकणारी बाई उठून उभी राहिली. सून सासूच्या तोंडाकडे बघत होती, हात तसेच तिच्या दंडांना. मावशी स्वतः सगळ्यात जास्त दचकलेली. तिने ओठांना हात लावला, जसं काहीतरी तिथून पडलंय.

मग आई हसायला लागली. बाजारात, भर रस्त्यात, मासळीच्या टोपल्यांमध्ये उकिडवी बसून ती हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली, आणि सूनही रडायला लागली, आणि मी जाळीतून चाक काढायला धडपडत होते कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"पुन्हा बोल," आई म्हणाली. "तिला आणखी शिव्या घाल. घाल गं."

मावशीने प्रयत्न केला. तोंड उघडलं, मान ताणली, पण घशातून नुसता आवाज आला. तिचे डोळे भरले. आईने लगेच विषय बदलला. टोपलीतला जवळा मुठीत घेऊन तिच्या नाकाशी नेला. "जवळा घेऊ का? तुला आवडायचा."

मावशी बराच वेळ झगडली.

"न... नको," ती म्हणाली. आणि डाव्या हाताने बोंबलांकडे बोट केलं.

शनिवारी मी बॅग भरली. आईच्या साड्या दोरीवरून काढून घड्या घातल्या आणि तिच्या पिशवीत ठेवल्या. आई वरच्या आळीतून आली, तिने पिशवी बघितली, साड्या काढून परत पेटीवर ठेवल्या. भांडण झालं नाही. मला वाटलं होतं होईल.

रविवारी सकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत विहारात वंदनेला थांबलो. बाहेर पडल्यावर म्हणाली, "चिडलीस?"

"मला कळत नाही मी घरी काय सांगू."

"सांग, आई बोलायला गेलीय. तुमच्या घरात सगळे चांगले आहेत गं. पण तुम्ही सगळे कुठेतरी निघालेले असता. मी कुणाला धरून बोलू?"

"आणि आजारी पडलीस तर?"

"तर फोन करीन. तू गाडी पाठवशील. तेवढं तुला येतं." असं म्हणून तिने माझ्या ड्रेसवरचं तूस झटकलं. कल्याणची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले तेव्हा तिने हात केला आणि गाडी सुटायची वाट न बघता वळून चालायला लागली. मावशीचा मुलगा आलेला होता आणि दोघींना त्याला बोलून दाखवायचं होतं. गाडी गावाबाहेर पडली, शेतं लागली, पेंढ्याच्या उडव्या लागल्या, आणि मी निष्कारण दोनदा जागा बदलली.

त्याला आता वर्ष होत आलं. मावशीला थोडे शब्द आले. वाक्य येत नाही. काठी घेऊन ओट्यापर्यंत येते, कुणीतरी बाजूला लागतं. आईला पावसाळ्यात ताप आला तेव्हा मी गाडी पाठवलेली. ती आली, पंधरा दिवस राहिली, बरी झाली आणि परत गेली. त्या पंधरा दिवसांत तिने खिडक्यांच्या फेऱ्या मारल्या नाहीत. फोनवर असायची. पलीकडून कुणी फारसं बोलत नव्हतं, पण फोन तासभर चालायचा.

गेल्या महिन्यात मुलाने विचारलं, आजीच्या खोलीत माझं टेबल टाकू का, बारावीचा अभ्यास आहे. मी त्याच्यावर ओरडले. मग आईला फोन करून हे सांगितलं. मला वाटतं, तिने नको म्हणावं म्हणूनच सांगितलं.

"टाकू दे की," ती म्हणाली. "उजेड चांगला आहे तिथे. बरं केलं त्याने विचारलं."

मला ते आवडलं नाही. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात होतं. संध्याकाळी घरी आले, तिचं कपाट भिंतीकडे सरकवायला मुलाला हातभार लावला, आणि टेबल खिडकीपाशी ठेवलं.